टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

निफाड रोडला एका पडीक माळावर त्या रविवारी दोन-अडीच हजार माणूस जमलं होतं. जेसीबी लावून माळावर मातीचे उंचवटे रचले होते, त्यांच्यामधून वळणावळणाची वाट काढली होती आणि दोन्ही कडांना बांबू रोवून सुतळी ओढली होती. मोटारसायकलींच्या शर्यती होत्या, एकामागून एक. साल १९९९, फेब्रुवारी महिना. पण पहिली शर्यत ऐन रंगात असताना निम्मी गर्दी वाटेकडे पाठ करून उभी होती. ती बघत होती एका बंद पडलेल्या गाडीकडे, आणि गाडीपुढे मांडी घालून बसलेल्या वेगनाथ महाराजांकडे.

महाराजांच्या अंगात भगवी कफनी, डोळ्यांवर काळा गॉगल आणि गळ्यात जुन्या स्पार्क प्लगांची माळ होती. गाडीचा मालक, सिन्नरकडचा एक रायडर, तीस-चाळीस किका मारून घामाघूम झाला होता. प्लग बदलून झाला होता, तारा तपासून झाल्या होत्या. गाडी ढिम्म.

"लोखंडाला जीव नाय असं कोन म्हनतो?" महाराज गरजले. "टाकी म्हंजी पोट, कार्ब्युरेटर म्हंजी काळीज, सायलेन्सर म्हंजी नाक! आन जिथं जीव, तिथं बाधा! ही साधीसुधी बाधा नाय बाबांनो, पाचशे सीसीची बाधा हाय!"

त्यांनी टाकीच्या झाकणावर पंजा ठेवला, डोळे मिटले आणि झाकण हळूच फिरवलं.

हुश्श!

"ऐकलं? गेली!"

गर्दी शहारली. महाराजांनी झाकण लावलं, तीर्थात बुडवलेल्या फडक्याने ते पुसलं आणि सावकाश एकवीस नावांचा मंत्र म्हटला. मग म्हणाले, "मार किक."

पहिल्या किकला गाडी सुरू झाली. बायाबापड्यांनी हात जोडले, शिट्ट्या झाल्या, जयजयकार झाला. गर्दीच्या पुढच्या रांगेत मखमलाबादचा पुंजाराम उभा होता. गुलाब आणि झेंडूचा मळा सांभाळणारा, फुलबाजार सोडून फारसा कुठे न जाणारा माणूस. त्याच्या हातांवर काटा आला आणि त्यानेही हात जोडले.

पुंजाराम शर्यतीला पहिल्यांदाच आला होता. त्याचा मुलगा जीवन चोवीस वर्षांचा. आठवडाभर कंपनीत शिफ्ट करायचा आणि रविवारी गाडी पळवायचा. बायकोने, रंगूबाईने हट्ट धरला होता, "एकदा जाऊन बघून तरी या, पोरगं काय करतंय ते."

पुंजारामने बघितलं ते असं, की ही धीट पोरं शर्यतीआधी भारी घाबरलेली असतात. प्रत्येकाची काही ना काही खोड. एक जण अख्खा हंगाम एकच बनियन न धुता घालायचा. त्याच्या शेजारी कोणी गाडी लावत नसे. एक जण गाडीला तीन प्रदक्षिणा घालून झेंडा पडेपर्यंत कोणाशी बोलायचा नाही. जीवनचा दोस्त ज्ञानेश याचं पंचवटीत गॅरेज होतं, तो स्वतःही शर्यतीत उतरायचा, आणि सीटखाली लिंबू बांधायचा. जीवन आधी डावा हातमोजा घालायचा, मग उजवा, मग टाकीवर दोन थापा. कॉलेजात असताना पहिली शर्यत जिंकली त्या दिवशी तसं झालं होतं, म्हणून.

या खोडींनी कोणाचं काही वाईट झालं नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाच्या दारातून आत कसं शिरायचं ते महाराजांना नेमकं कळलं होतं. मागच्या दोन हंगामांपासून ते प्रत्येक शर्यतीला यायचे. त्यांच्याकडे 'वेगबंधन' नावाचं तांब्याचं यंत्र मिळायचं, ते हँडलला बांधायचं. यंत्र घेणाऱ्याच्या गाडीला महाराज कुंकू लावायचे. जो यंत्र घेत नसे, त्यालाही ते विन्मुख पाठवत नसत. त्याच्या टाकीच्या झाकणावर ते शेंदराचा टिळा लावायचे. अगदी फुकट. आणि गंमत अशी, की गाड्या बंद पडायच्या त्या या बिनयंत्रवाल्यांच्याच.

"जीवन, चल, टिळा लावून घे," पुंजाराम म्हणाला.

"नाना, राहू द्या ना. गाडी मी स्वतः बघितलीय. चेन, ब्रेक, टायर, सगळं ठीक आहे."

"अरे, यंत्र नको घेऊ. नुसता टिळा. देवाचं हाय, फुकट हाय. मला बरं वाटंल."

जीवन हातमोजे घालत होता. बापाच्या तोंडाकडे बघून त्याने ते काढले आणि गाडी ढकलत महाराजांपुढे नेली. झाकण नीट समोर यावं म्हणून पुंजारामने दोन्ही हातांनी हँडल सरळ धरलं. महाराजांनी अंगठाभर शेंदूर घेतला आणि झाकणाच्या बरोबर मधोमध दाबून, गोल फिरवून लावला.

चौथ्या फेरीत जीवन दुसऱ्या नंबरावर होता. सगळ्यात मोठ्या उंचवट्यावर तो वेगात चढला आणि कडेला पोचता पोचता गाडीचा आवाज तुटला. रेडिओ बंद केल्यावर गाणं तुटतं तसा. पुढचं चाक खाली गेलं, जीवन हँडलवरून पुढे फेकला गेला, आणि गाडी त्याच्या पाठीवर येऊन पडली.

डॉक्टरांनी मणक्याचं ऑपरेशन केलं. मग पुंजारामला बाजूला घेऊन सांगितलं, की जीव वाचला आहे, कमरेखालचं मात्र त्याला यापुढे काही कळणार नाही.

आठवड्याने महाराजांचा निरोप आला. 'टिळा होता, पण बंधन नव्हतं. बंधन असतं तर पोर उठून चाललं असतं.' हा निरोप सगळ्या रायडरांपर्यंत पोचला. पुढच्या शर्यतीत एकही हँडल यंत्राशिवाय नव्हतं. ज्ञानेशनेही लिंबू काढून यंत्र बांधलं.

पुंजारामचं मात्र आतलं सगळं बंद पडलं. तो रडला नाही, कोणावर चिडलाही नाही. पहाटे गुलाब तोडायचा, बाजारात न्यायचा, परत येऊन जीवनला आंघोळ घालायचा, जेवायचा, निजायचा. भाचीच्या लग्नात पानात जिलेबी वाढली होती की नव्हती, हे त्याला घरी आल्यावर सांगता आलं नाही. एकदा गुलाबाचा काटा अंगठ्यात मोडून राहिला आणि अंगठा पिकून हिरवा-निळा झाला. रंगूबाईने ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने विचारलं, "इतके दिवस दुखलं नाही?"

"नाय," पुंजाराम म्हणाला. खरंच दुखलं नव्हतं.

अशी पावणेदोन वर्षं गेली.

दोन हजार सालचा ऑक्टोबर. दिवाळी तोंडावर आली होती, झेंडू ऐन बहरात होता आणि वीज दुपारभर नसायची. पुंजारामने विहिरीवरचं जुनं रॉकेलचं इंजिन सुरू केलं. सगळा पावसाळा ते छपराखाली नुसतं उभं होतं. पाच-सात मिनिटं चाललं आणि गचके खात बंद पडलं. रॉकेल संपलं की काय म्हणून त्याने टाकीचं झाकण फिरवलं.

हुश्श!

पुंजाराम तसाच उभा राहिला. टाकी काठोकाठ भरलेली होती.

त्याने झाकण लावलं, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने पुन्हा गचके, पुन्हा बंद. पुन्हा झाकण फिरवलं. हुश्श. त्याच्या बोटांना झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. त्यातली एक झाकणाच्या फटीशी गेली आणि फटकन आत ओढली गेली.

बाहेर काहीच येत नव्हतं. हवा आत जात होती.

त्याने झाकण हातात घेऊन निरखलं. मधोमध हवेसाठी सुईएवढं भोक असतं, त्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. चांगलं गोल, लिंपून घट्ट केलेलं. त्याने ते नखाने खरवडून काढलं. मग इंजिन थेट संध्याकाळपर्यंत चाललं. पाणी कधीच झेंडूच्या सरीतून उतू गेलं होतं, तरी पुंजाराम तिथेच बसून होता.

गोठ्याच्या मागे जीवनची मोडलेली गाडी ताडपत्रीखाली पडली होती. त्याने ताडपत्री उचलली. झाकणावरचा शेंदूर काळपट झाला होता, पण जागचा हलला नव्हता. झाकण काढून त्याने खालून तोंड लावलं आणि गाल फुगवून फुंकलं. हवा जाईना.

दुसऱ्या दिवशी पुंजारामने बोलावलं म्हणून ज्ञानेश मळ्यात आला. त्याने झाकण हातात घेतलं, नखाने शेंदराचा कण काढून चोळला, हुंगला. "यात मेण आहे, नाना. तेल आणि मेण. नुसता शेंदूर असा धरून राहत नाही."

आपल्या गाडीला त्याने ते झाकण बसवलं, टाकी भरली आणि मळ्याच्या कडेच्या गाडीवाटेवर फेऱ्या मारायला लागला. पुंजाराम बांधावर उभा राहून मोजत होता. सहाव्या फेरीला गाडी बंद पडली. झाकण फिरवलं, हुश्श झालं, जरा थांबून किक मारली, गाडी सुरू. मग रंगूबाईकडून हार ओवायची सुई आणून भोक मोकळं केलं. ज्ञानेशने अर्धा तास गाडी पळवली. गाडी एकदाही अडखळली नाही.

"टाकीतून जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला लागते," ज्ञानेश म्हणाला. "हवा आली नाही की पेट्रोल वरच अडतं. खाली कार्ब्युरेटर रिकामा होतो आणि इंजिन मरतं. झाकण उघडलं की हवा आत घुसते, त्याचा तो आवाज. मग पेट्रोल उतरायला थोडा वेळ लागतो."

"आन तेवढा वेळ मंत्र."

"हो. तेवढाच मंत्र. आणि फडक्यावरचं तीर्थ म्हणजे रॉकेल. त्याने मेण निघतं."

मग ज्ञानेश खाली बघत बोलला, "नाना, मी मेकॅनिक आहे. गिऱ्हाईकाची गाडी अशी बंद पडली असती तर दोन मिनिटांत झाकण बघितलं असतं. जीवनच्या गाडीचं बघितलंच नाही. महाराजांचा हात लागला होता ना तिथे. म्हणून बघायचं सुचलंच नाही."

गाडीवरचं झाकण काढून, धोतराला पुसून पुंजाराम घरात गेला.

जीवन खिडकीशी, कॉटवर उशीला टेकून होता. पुंजारामने झाकण त्याच्या हातात ठेवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं. इंजिन, माशीचं घर, मेण, सहा फेऱ्या. शेवटी म्हणाला, "गाडी मी धरली होती. टिळा लावताना."

जीवन झाकण फिरवत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "नाना, त्या दिवशी मी उजवा हातमोजा आधी घातला होता."

"म्हंजी?"

"टिळ्याला जाताना मोजे काढले, आणि परत घाईत घालताना उलटे घातले. लाइनला उभा राहिल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून रोज तेच डोक्यात येतं. मोजा चुकला म्हणून पडलो. कधी वाटतं, मीच उंचवट्यावर घाबरून थ्रॉटल सोडला असेल." त्याने झाकण उजेडाकडे धरलं. "सोडला नव्हता म्हणजे."

"नाय सोडला तू."

"टिळ्यात काय होतं ते तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, नाना."

"इचारलं असतं तर झालं असतं माहीत."

पुंजाराम कॉटच्या कडेला बसला. आता काहीतरी फुटून वर येईल असं त्याला वाटलं. काही आलं नाही. दोघं संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते, रंगूबाईने चहा ठेवला तो तसाच गार झाला.

नोव्हेंबरात त्याच माळावर हंगामातली पहिली शर्यत होती. पुंजाराम आणि ज्ञानेश सकाळी लवकर पोचले. ज्ञानेशने यंत्र घरी काढून ठेवलं होतं. महाराजांपुढे गाडी उभी करून तो म्हणाला, "महाराज, यंत्र हरवलं. टिळा तरी लावा."

"हरवलं? आरारारा! बंधन तुटलं म्हंजी बाधा मोकाट!" महाराजांनी शेंदराचा अंगठा झाकणावर दाबून फिरवला.

शर्यतीला अजून तासभर होता. ज्ञानेश मंडपासमोरच्या सपाट जागेवर गाडी फिरवायला लागला. सातव्या फेरीला गाडी बंद. गर्दी धावली. महाराज कफनी सावरत उठले.

"थांबा, महाराज," पुंजाराम पुढे झाला. "आज मी काढतो बाधा."

त्याने झाकण फिरवलं. हुश्श झालं. लोक चपापले. त्याने झाकण पुसलं नाही, मंत्र म्हटला नाही. तंबाखूची चिमूट मळून तोंडात टाकली आणि म्हणाला, "मार किक."

गाडी सुरू झाली.

महाराज क्षणभर गांगरले. पण मुरलेला गडी होता तो. दोन्ही हात वर करून ओरडला, "बघा, बघा! माझीच शक्ती उतरली म्हाताऱ्यात! पोराच्या दुःखानं तप घडलं त्याच्या हातून!"

आणि मग जे झालं ते पुंजारामने मनातही आणलं नव्हतं. सिन्नरचा तो रायडर पुढे आला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावला. "नाना, माझ्या पण गाडीवर हात ठेवा." त्याच्यामागे दुसरा वाकला. एका बाईने पदर पसरला. महाराज मान डोलावत हसत होते.

पुंजाराम पायाशी वाकलेल्या त्या तरुणाकडे बघत राहिला. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा त्याला काहीतरी जाणवलं. ते दुःख नव्हतं. किळस होती.

"ऊठ," तो म्हणाला. "माझा हात कशाला पायजे? तुझं झाकन तूच काढ." त्याने खिशातून हार ओवायची सुई काढून त्याच्या हातात दिली, आणि उपरण्यात बांधून आणलेल्या झेंडूच्या पाकळ्या ज्ञानेशच्या टाकीवर ठेवल्या. "ज्ञानेश, अजून चार फेऱ्या मार. तू, सिन्नरवाल्या, ह्याची बाधा तू काढ. पाकळी फटीशी धर आन सांग, भूत भाईर येतं का हवा आत जाते."

गाडी पुन्हा बंद पडली. सिन्नरच्या तरुणाने झाकण फिरवलं. हुश्श. पाकळी आत गेली.

"आत गेली," तो पुटपुटला. मग मोठ्याने, "अहो, आत गेली!"

मग ज्ञानेशने झाकण उलटं करून भोक दाखवलं, मेण खरवडून दाखवलं, आपण मेकॅनिक असूनही कसे फसलो तेही सांगितलं. सिन्नरवाल्याने सुईने भोक मोकळं केलं. या हंगामात नव्याने आलेल्या, यंत्र न घेतलेल्या ज्या पोरांच्या गाड्यांना त्या सकाळी शेंदूर लागला होता ती एकेक पुढे यायला लागली. कोणी फुंकून बघत होता, कोणी मेण चोळून हुंगत होता. अकरा जणांनी आपापली झाकणं स्वतः साफ केली. यंत्रवाल्यांपैकी काही जण मात्र हँडलवर हात ठेवून लांब उभे राहिले. "काहीही म्हणा, आम्हाला तर गुण आलाय," असं त्यातला एक म्हणत होता.

महाराज जीपकडे सरकत होते. पोरांनी त्यांना घेरलं, एकाने गळ्यातली प्लगांची माळ ओढली. पुंजाराम मध्ये पडला. "मारू नका. पोलिसात न्या, आन काय लावलं, कोनाला लावलं ते समदं लिहून द्या. ज्ञानेशचं ते झाकन बी द्या." संयोजकांनी तसं केलं. महाराजांचं पुढे काय झालं ते पुंजारामने कधी विचारलं नाही.

पुंजाराम निघाला तेव्हा संयोजकांनी त्याच्या हातात माइक दिला. त्याला तो कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं.

"मला बोलता येत नाय," तो म्हणाला. "मी फुलं इकतो. माझा पोरगा ह्याच माळावर पडला. शेंदूर लावायला गाडी मी धरली होती. हुश्श झालं तवा माझ्या अंगावर काटा आला, आन मी हात जोडले. हवा आत गेली का भाईर आली, एवढं बघायला काय शाळा लागत नाय. मी बघितलं नाय." त्याने माइक दुसऱ्या हातात घेतला. "तुम्ही हातमोजा कोनता बी आधी घाला, त्यानं कोनाचं बिघडत नाय. पडलात तर मात्र मोज्याला दोष देऊ नका, गाडी बघा. आन तुमच्या गाडीला कोनी हात लावला तर काय लावलं ते इचारा. मानूस किती बी मोठा असू द्या. खरवडून बघा, हुंगून बघा, उघडून बघा. त्याला राग आला तर येऊ द्या. तुमच्या लेकराच्या पाठीपेक्षा त्याचा राग मोठा नाय."

त्याने माइक परत केला. शर्यतीचा झेंडा पडायला अजून दहा मिनिटं होती, पण तो थांबला नाही. जीवनची कूस बदलायची वेळ होत आली होती, आणि रंगूबाईला ते एकटीला जमत नसे. निफाड रोडला येऊन त्याने नाशिककडे जाणाऱ्या एसटीला हात केला.